तीन मिनिटं कुठे गेली?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. दुसऱ्या दिवशी तिची नाशिकला मुलाखत होती, अकरावीच्या प्रवेशाची. पोटात गोळा आलाय, जेवण गेलं नाही, आई झोप म्हणते पण झोप येत नाही, असं सगळं एका दमात सांगून तिनं विचारलं, "मामा, तू औरंगाबादला गेला होतास तेव्हा तुझी भीती कशी गेली?"

मी तिला कायतरी सांगितलं. पाणी पी, श्वास मोठा घे, जे येतं ते बोल. फोन ठेवला आणि मलाच ते पटेना. माझी भीती गेलीच नव्हती. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हाही माझे तळवे ओले होते. मध्ये काही मिनिटं मात्र मी ती विसरलो होतो, आणि ती काही मिनिटं कशी आली ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहायला बसलो.

गोष्ट २०१६ सालची. आमचं गाव देवगड तालुक्यात, मिठबावच्या पुढे, तांबळडेगच्या बाजूला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूचा पट्टा आणि त्यावर सुरूची झाडं. बाबा रापणीवर. आजोही रापणीवरच, पण तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते आणि ते अंगणात बसून जाळी सांधायचे. मी मराठी शाळेत दहावीला. नौदलात जायचं हे डोक्यात कधी शिरलं ते आठवत नाही, पण क्षितिजावरून जाणारी राखाडी जहाजं बघत वाढलेल्या पोराच्या डोक्यात ते शिरतंच.

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. १९७७ साली सुरू झाली. महाराष्ट्रातली मुलं सैन्यदलात अधिकारी म्हणून फार कमी जातात, ती जावीत यासाठी. दहावीनंतर तिथे घेतात, अकरावी-बारावी तिथेच राहून करायची आणि सोबत एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेची तयारी. तेव्हा ती फक्त मुलग्यांसाठी होती, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली आणि भाची तिथेच चालली होती. प्रवेशासाठी आधी लेखी परीक्षा, त्यातून निवडलेल्यांची मुलाखत.

लेखी परीक्षेची मला भीती वाटली नाही. आम्हा कोकणातल्या पोरांना लिहायची भीती नसतेच. दहावीचा निकाल लागला की कोकण विभाग राज्यात पहिला, हे स्वतंत्र मंडळ झाल्यापासून दरवर्षी ठरलेलं. पण ह्याच पोरांना कुणी परक्या माणसानं समोर बसवून चार प्रश्न विचारले की जीभ टाळूला चिकटते. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. आमच्याकडे बोलण्याची कमी नाही. मासळीच्या लिलावाला उभं राहून बघा, चावडीवर बघा, शब्दाला शब्द कसा लागतो ते. पण पोरानं मोठ्यांपुढे बोलायचं नसतं. पाहुणे आले की पाणी आणून द्यायचं आणि दाराआड जायचं. शाळेत उत्तर द्यायचं ते पुस्तकातलं. पंधरा वर्षांचा होईपर्यंत "तुला काय वाटतं?" असं मला एकाही मोठ्या माणसानं विचारल्याचं आठवत नाही. लेखी परीक्षेत तर चुकीच्या उत्तराला गुण कापायचे, त्यामुळे खात्री नसेल तर गोल कोरा सोडायचा, हेही अंगात मुरलेलं. मुलाखतीत कोरं कसं सोडणार?

मुलाखतीचं पत्र आलं आणि घरातला आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवसापासून मला रात्री दोनला जाग यायला लागली.

आमच्या वाडीत एक निवृत्त नौसैनिक होते. आम्ही त्यांना नेव्हीकाका म्हणायचो. त्यांनी मला रोज संध्याकाळी बोलावून घेतलं. ताठ बस, हात मांडीवर, डोळ्याला डोळा भिडव, आत जाताना काय म्हणायचं, बाहेर पडताना काय म्हणायचं. त्यांनी दोन वह्या भरून प्रश्नोत्तरं लिहून दिली, अर्धी इंग्रजीत. स्वतःविषयी सांग. नौदलच का? ४ डिसेंबरला नौदल दिन का असतो? (१९७१ च्या युद्धात आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री कराची बंदरावर हल्ला केला म्हणून.) नौदलप्रमुख कोण? अ‍ॅडमिरल रॉबिन धवन. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केव्हा केली? १६६४. मी सगळं पाठ केलं. अंघोळ करताना म्हणायचो, विहिरीवर पाणी काढताना म्हणायचो. पाठ जितकं पक्कं होत गेलं तितकी भीती वाढत गेली, हे मला तेव्हा कळत नव्हतं. पाठ केलेल्या माणसाला एकच धास्ती असते, एक शब्द निसटला तर पुढचं सगळं गळून पडेल.

दुसरा माणूस म्हणजे माझा चुलता. तो दशावतारात काम करायचा, बहुतेक वेळा राजाचं. पावसाळा तोंडावर आल्यावर त्यांचा हंगाम संपतो, तसा तो घरी आला होता. दशावताराची नाटकं लिहिलेली नसतात. आख्यान कुठलं, कोण कधी येणार, एवढं ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे, रंगमंचावर उभं राहून बोलायचे. रात्र रात्र. मी वही घेऊन ओसरीवर पुटपुटत होतो, त्यानं ऐकलं आणि वही काढून घेतली.

"पाठ करून कोण राजा होणा नाय," तो म्हणाला. "म्होरचो काय बोलता ता आयक. तेच्यातच तुझा उत्तर आसता."

मी विचारलं, "आणि काहीच सुचलं नाही तर?"

"मगे गप रव. राजा गप रवलो तरी राजाच आसता. पण आयकूक इसरलो तर गेलो."

त्यानं वही परत दिली. मी पुन्हा पाठ करायला लागलो, कारण ऐकायचं म्हणजे नक्की काय करायचं ते मला समजलं नव्हतं.

निघायच्या दिवशी बाबांनी हापूसची छोटी पेटी बांधली, दोन डझनांची, गवत घालून. मी विचारलं कुणासाठी. म्हणाले, "तिकडच्या सायबांसाठी. रिकाम्या हातान जावचा नाय." मला घाम फुटला. मुलाखतीला आंब्यांची पेटी म्हणजे लाच वाटेल, नाव कापतील, सगळा घोटाळा होईल. मी रडकुंडीला येऊन सांगितलं, नको. बाबा ऐकेनात. त्यांच्या दृष्टीनं कुणाच्या दारात जाताना घरचं काही घेऊन जाणं ही साधी माणुसकी होती. शेवटी पेटी सोबत आली, आणि ती द्यायची की नाही हा वाद आमच्या दोघांत न बोलता औरंगाबादपर्यंत चालू राहिला.

कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या, पहाटे ठाण्याला उतरून तपोवन. मी पहिल्यांदाच घाटावर एवढ्या आत चाललो होतो. मनमाड गेलं आणि खिडकीतून येणारा वारा असा तापला की नाकात आग व्हायची. आमच्याकडचा उन्हाळा ओला, अंगाला चिकटणारा. तिथला कोरडा. घाम येतो न येतो तोच वाळून जातो. औरंगाबादला उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळं अंग कोरडं ठणठणीत आहे आणि फक्त दोन तळवे ओले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या आवारात साठ-सत्तर मुलं होती. सातारा, कोल्हापूर, पुणे, नागपूर. काहींचे वडील फौजेतले, त्यांची मुलं उभीच वेगळी राहायची. चकचकीत काळे बूट, केस बारीक, आपसात इंग्रजी. मी माझ्या बुटांकडे बघितलं. ते चुलतभावाचे होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस घातलेला. माझ्या शेजारी जालन्याचा एक मुलगा बसला होता. तो सारखा ओठ हलवत होता. मी विचारलं, काय म्हणतोस? म्हणाला, "राष्ट्रपतींची यादी." मग आम्ही दोघांनी मिळून ती म्हटली आणि एक नाव दोघांनाही आठवेना. त्या क्षणी मला असं वाटलं की आता उठावं, बाबांचा हात धरावा आणि स्टेशनवर जावं. हे मी भाचीला सांगायला हवं होतं. पळून जावंसं वाटणं हा त्या दिवसाचाच भाग असतो. मी उठलोही होतो. नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन बसलो, इतकंच.

बाबा लिंबाच्या झाडाखाली पेटीवर हात ठेवून बसले होते. लांबूनच त्यांनी मान हलवली. माझं नाव पुकारलं गेलं.

आत तिघं होते. मधे एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, बसण्यावरूनच माजी अधिकारी. एका बाजूला गणिताचे असावेत असे शिक्षक, दुसऱ्या बाजूला एक बाई. आत जाताना म्हणायचं इंग्रजी वाक्य मी शंभर वेळा घोकलं होतं, ते तोंडातून आलंच नाही. "आत येऊ का सर?" असंच बाहेर पडलं. "ये," ते म्हणाले.

खुर्ची टेबलापासून लांब होती. पुढे ओढावी की नाही? नेव्हीकाकांच्या वहीत हे नव्हतं. मी तसाच बसलो आणि माझ्यात आणि त्यांच्यात एक मोठी मोकळी जागा राहिली.

स्वतःविषयी सांग, असं त्यांनी इंग्रजीत म्हटलं. मी सुरू झालो. कविता म्हणतो तसं. चार वाक्यं झाली, पाचव्यात वडिलांचा व्यवसाय यायचा होता आणि तिथे मी अडकलो. शब्द डोळ्यांपुढे दिसत होता, जिभेवर येत नव्हता. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. मराठीत सांग. वडील काय करतात?"

"मच्छीमारी, सर."

"बोटीवर जातात?"

"नाही सर, रापण."

बाईंनी विचारलं, रापण म्हणजे काय? मी सांगितलं. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर ठेवायची, आणि दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसांनी ते ओढून वाळूवर आणायचं. मासळीचे वाटे पडतात. ओढणाऱ्याचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा. आवाज थोडा सुटला. मला वाटलं, जमतंय. आणि तिथेच घसरलो.

मधल्या सरांनी विचारलं, "समुद्राला भरती कधी येणार हे तुम्हाला कसं कळतं?"

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला तरी आला असता. आमच्याकडे शाळेत जायच्या आधी पोराला हे येतं. "तिथीची पाऊणपट करायची, सर. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीन वाजता पूर्ण भरती."

"म्हणजे रोज वेळ बदलते?"

"हो सर. रोज पाऊण तास आधी येते."

त्यांनी काहीतरी लिहिलं. गणिताच्या सरांनी पुढचा प्रश्न विचारायला सुरुवात केली. आणि माझ्या डोक्यात कुठेतरी आजोंचा आवाज आला, बोटांवर मोजणारा. चवथीक तीन, पाचवीक पावणेचार, सष्टीक साडेचार. पावणेचार तीनच्या आधी कसे असतील? भरती रोज पाऊण तास उशिरा येते. उशिरा! जे मला जन्मापासून माहीत होतं तेच मी उलटं सांगितलं होतं.

लोक म्हणतात, जे आपल्याला नीट येतं त्याविषयी बोल, म्हणजे भीती वाटणार नाही. माझा अनुभव तसा नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातून घरचीच गोष्ट सगळ्यात आधी सांडते, कारण तिच्याकडे तो लक्षच देत नाही.

गणिताच्या सरांचा प्रश्न संपला होता आणि मी तो ऐकलाच नव्हता. तिघं माझ्याकडे बघत होते. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं, भरतीची चूक कदाचित त्यांच्या लक्षातही आली नसेल, असा एक विचार आला. दुसरा विचार आला तो असा की आमच्या गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोरानं हे ऐकलं असतं तर तो मला काय म्हणाला असता. मला त्या तिघांपेक्षा त्या पोराची लाज वाटली.

"सर, मघाशी मी चुकीचं सांगितलं," मी म्हणालो. "भरती आधी नाही येत. रोज पाऊण तास उशिरा येते. आणि सर, तुमचा प्रश्न मी ऐकला नाही. मी भरतीचाच विचार करत होतो."

मधल्या सरांनी पेन खाली ठेवलं. "राहू दे तो प्रश्न. उशिराच का येते? आधी का नाही?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणजे पुस्तकात होतं, पण असं सरळ कधी विचारलं नव्हतं. मी बोलता बोलताच विचार करत गेलो. भरती चंद्रामुळे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्रही त्याच दिशेनं पुढे सरकलेला असतो. मग आमचा किनारा पुन्हा चंद्राखाली यायला पृथ्वीला थोडं जास्त फिरावं लागतं. ते जास्त फिरणं म्हणजे तो उशीर. बोलताना मी एका हाताची मूठ पृथ्वी म्हणून आणि दुसऱ्या हाताचं बोट चंद्र म्हणून धरलं होतं. हात मांडीवर ठेवायचे हे विसरून गेलो होतो. खुर्ची कधी पुढे घेतली तेही आठवत नाही, पण ती टेबलाला लागली होती.

"बरं. पण पाऊणच का?" आता गणिताचे सर विचारत होते. "अर्धा का नाही, एक का नाही?" त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली.

मी लिहिलं. अमावास्येला भरती बाराच्या सुमारास धरायची. पंधरा तिथ्यांनी पौर्णिमा, तेव्हा पुन्हा बारा. म्हणजे पंधरा तिथ्यांत भरती बारा तास पुढे सरकते. बारा तासांची मिनिटं ७२०, त्याला १५ नं भागलं. ४८.

"अठ्ठेचाळीस मिनिटं, सर."

"आणि पाऊण तास म्हणजे?"

"पंचेचाळीस."

"मग तीन मिनिटं कुठे गेली?"

मी कागदाकडे बघत राहिलो. खरंच, कुठे गेली? इतकी वर्षं हा हिशेब करत होतो, वाडीतली सगळी माणसं करत होती, आणि त्यातून रोज तीन मिनिटं गळत होती. किती वेळ गेला माहीत नाही. खोली शांत होती आणि त्या शांततेची मला अजिबात भीती वाटली नाही. चुलता म्हणाला होता ते गप्प राहणं हेच असावं, पण हेही मला नंतर सुचलं. त्या वेळी डोक्यात फक्त तीन मिनिटं होती.

"माहीत नाही, सर," मी म्हणालो. "शोधून सांगेन."

"कसं शोधशील?"

"आजोंना विचारेन. त्यांनाही माहीत नसेल तर घड्याळ घेऊन धक्क्यावर बसेन."

बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, घरापासून लांब राहशील का, जेवणाचं काय करशील. मी काय सांगितलं ते आठवत नाही. नौदल दिन, नौदलप्रमुख, सिंधुदुर्गाची पायाभरणी, यातलं कुणी काहीच विचारलं नाही. बाहेर आलो, जिन्यात उभा राहिलो आणि गुडघे लटपटायला लागले. भीती बाहेरच थांबली होती जणू, चपला सांभाळत. मी पायरीवर बसलो. जालन्याचा मुलगा धावत आला, काय विचारलं, काय विचारलं? मी म्हणालो, तिथीची पाऊणपट. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या यादीत ते नव्हतं.

बाबांना मी सांगितलं की एक उत्तर चुकलं आणि मग मी ते दुरुस्त केलं. त्यांनी विचारलं, कुठलं? सांगितल्यावर ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "दुरुस्त केलंस मा? मगे झाला." आणि त्यांनी पेटीची दोरी सोडली. साहेबांना द्यायचं नाव काढलं नाही. लिंबाखाली जे कुणी बसले होते त्यांना, त्या मुलांना, त्यांच्या वडिलांना, वर्तमानपत्र पसरून त्यांनी एकेक आंबा दिला. सुरी नव्हती. सगळ्यांनी चोखून खाल्ले. ते चकचकीत बुटांचे मुलगेही कोपरापर्यंत रस गाळत बसले होते आणि एकाच्या वडिलांनी, ते सुभेदार होते, बाबांना विचारलं की देवगडला आंबे ऐन बागेत किती रुपये डझन मिळतात. बाबा त्यांच्याशी तासभर बोलले. परक्या माणसाशी इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

परतीच्या गाडीत मी तो हिशेब पुन्हा केला, पंचांग काढून, एकेका तिथीचा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे आजोंच्या गणितानं पौर्णिमेची भरती सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, एकाची पाऊणपट, पाऊण वाजता. एका दिवसात एकदम दीड तासाची उडी! रोज जी तीन मिनिटं गळत होती ती पंधरा दिवसांत साचून पंचेचाळीस झाली होती, आणि गणित ती पौर्णिमेला एकदम टाकून देत होतं. इगतपुरी गेलं तरी मी कागदावरच होतो. समुद्र अशी उडी नक्कीच मारत नसणार. मग तो काय करतो?

घरी पोचल्यावर अंगणात आजो होते. बंदीचे दिवस तोंडावर आलेले, १ जूनला मासेमारी बंद, त्यामुळे दोऱ्या, जाळी, तरंगे सगळं बाहेर काढलेलं. मी त्यांना हिशेब वाचून दाखवला आणि विचारलं, ती तीन मिनिटं कुठे जातात?

त्यांनी सुई थांबवली नाही. "झिला, भरती म्हणजे काय एष्टी आसा, येळार सुटाक? तीन मिनटांखातर कोणाची होडी रवली नाय." थोड्या वेळानं म्हणाले, "आनि पुनवेक नि अवसेक हिशोब करूचो नसता. त्या दिसांक पाणी बगूचा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. उडी कुठे येते ते माहीत होतं, म्हणून त्या दिवसांत ते गणित बाजूला ठेवायचे आणि खडपाकडे, किनाऱ्यावरच्या खडकांकडे, बघायचे.

मी धक्क्यावर बसायला लागलो. खाडीकडच्या धक्क्याला उतरत्या पायऱ्या आहेत. पाणी चढत कुठल्या पायरीपर्यंत येतं आणि कधी थांबतं ते बघायचं, खडूनं रेघ मारायची, बाबांच्या घड्याळातली वेळ वहीत लिहायची. नेव्हीकाकांनी दिलेल्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांच्यावर तक्ता आखला. ही सोपी गोष्ट नाही. भरतीच्या टोकाला पाणी बराच वेळ नुसतं थांबून राहतं आणि नक्की कुठल्या मिनिटाला ते चढायचं थांबलं हे ठरवताना डोळे दुखतात. पण आठ-दहा दिवसांत आकडे बोलायला लागले. उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या, दिवसांत भरती रोज चाळीस मिनिटांच्या आसपास उशिरा येत होती. अष्टमीकडे, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, तोच उशीर तासाच्या वर गेला. पाऊण तास कुठल्याच दिवशी नेमका नव्हता, अठ्ठेचाळीस मिनिटंही नव्हती. ती सगळी सरासरी होती. समुद्र कधी भरभर पावलं टाकत होता, कधी रेंगाळत होता.

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी धक्क्यावरच होतो. पुढची दोन वर्षं औरंगाबादला काढली, एनडीएची लेखी परीक्षा पास झालो आणि पुढच्या निवडीत दोनदा बाहेर पडलो. नौदल राहिलं. त्याचं दुःख आहे, पण ते इथलं नाही.

तक्ता मी त्या सरांना पाठवणार होतो. शोधून सांगेन म्हटलं होतं ना. पत्र आलेलं होतं, आता खुशामत वाटायचीही भीती नव्हती. फक्त रात्रीच्या भरतीचे रकाने रिकामे होते, कारण रात्री मला आई सोडत नसे आणि मलाही जाग येत नसे. आता रात्री दोनला दचकून उठणं संपलं होतं, गाढ झोप लागायची.

एके सकाळी धक्क्यावर गेलो तर तिसऱ्या पायरीवर खडूची नवी रेघ होती, वाकडी, आणि पाण्यानं पुसू नये म्हणून तिच्या टोकाला वर एक दगड ठेवलेला. घरी येऊन आजोंना विचारलं. ते गुडघ्याला तेल चोळत बसले होते. म्हणाले, झोप नव्हती, म्हणून जाऊन आलो.

"वेळ किती झाली होती?"

"कोंबो आरवच्या आदी."

मी त्या रकान्यात तेच लिहिलं आणि तक्ता पाकिटात घातला.